कार्तिकी यंदा दोन दिवस दाखवलीय: आजीची एकादशी कोणत्या दिवशी धरावी? (दशमी ते बारस)

मंगळवेढ्याची_नात | २७ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेय. माझी आजी, वडिलांची आई, यंदा माघात गेली. चौऱ्याऐंशी वर्षांची होती. मूळची मंगळवेढ्याची, गळ्यात तुळशीची माळ. महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरायची. बाळंतपणात चुकली नाही, आजोबा गेले त्या महिन्यातही चुकली नाही.

दशमीला दुपारी आमच्याकडे दूध घालून मळलेल्या ज्वारीच्या दशम्या व्हायच्या. त्या झाल्या की आजी काथवट (पीठ मळायची लाकडी परात) घासून, पुसून, भिंतीला पालथी टेकवून ठेवायची. ती पालथी दिसली की आम्हा मुलांना कळायचं, उद्या एकादशी. त्या रात्री ती जेवायची नाही. एकादशीला दोन्ही वेळा थोडी भगर, ताक, एखादं रताळं, बस. साबुदाणा तिनं कधी तोंडात घातला नाही. बारशीला पहाटे काथवट सुलटी व्हायची, त्या आवाजानं मला जाग यायची. उजाडेपर्यंत स्वयंपाक तयार असायचा. आधी देवाला, मग गाईला, मग ती.

तिच्या दिवसकार्यानंतर आई आपणहून म्हणाली, "आत्याबाईंच्या एकादशीला खंड नको, मी धरते." आषाढीपासून आम्ही दोघींनी धरली. परवाच्या रमा एकादशीपर्यंत आठ झाल्या.

आता अडचणी सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरात १ नोव्हेंबरला स्मार्त एकादशी आहे आणि २ ला भागवत. आम्ही कोणती धरायची? बारस किती वाजता सोडायची? आईला नऊ वर्षांपासून साखर आहे, गोळ्या चालू आहेत, तिनं काय सांभाळायचं? आणि आजी साबुदाणा का खात नव्हती? हे तिलाच विचारायला हवं होतं, राहून गेलं.

आम्ही नाशिकला असतो. जाणकारांनी सांगावं.

---

घटिका_पळे | २७ ऑक्टोबर, रात्री ११:०५

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. एकादशीला आठ वर्षांपुढचा आणि ऐंशीच्या आतला माणूस अधिकारी, असं धर्मशास्त्र सांगतं. म्हणजे शेवटची चार वर्षं तुमच्या आजींना शास्त्रानंच मोकळं केलं होतं. तरी त्यांनी सोडली नाही.

कॅलेंडर बरोबर आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढायला जेवढा वेळ लागतो तेवढी एक तिथी. चंद्राची गती सारखी नसते, म्हणून एखादी तिथी वीस तासांत आटोपते, एखादी सव्वीस तासांपर्यंत लांबते. ती कधीही लागते, कधीही संपते. आपला दिवस मात्र सूर्योदयाला सुरू होतो. सगळा घोळ या दोन मापांच्या मेळाचा आहे.

यंदाचंच पाहा. एकादशी शनिवारी १ तारखेला सकाळी ९:११ च्या सुमारास लागते आणि रविवारी २ तारखेला सकाळी ७:३१ च्या सुमारास संपते. (पंचांगापंचांगात चार-दोन मिनिटं इकडेतिकडे होतात.) मग द्वादशी. ती सोमवारी पहाटे ५:०७ लाच संपते. आपल्याकडे सूर्योदय साडेसहाच्या आसपास. म्हणजे रविवारी सूर्य उगवताना एकादशी आहे, सोमवारी सूर्य उगवताना त्रयोदशी लागून गेलेली आहे. द्वादशीच्या वाट्याला सूर्योदयच आला नाही. क्षयतिथी म्हणतात ती ही.

उपवास एकादशीचा आणि पारणं, म्हणजे उपवास सोडणं, द्वादशीत, हा मूळ नियम. स्मार्त, म्हणजे स्मृतिग्रंथांप्रमाणे चालणारे, म्हणतात, पारण्याला द्वादशी हाती लागली पाहिजे, म्हणून उपवास शनिवारी आणि पारणं रविवारी. भागवत, म्हणजे वारकरी आणि इतर वैष्णव, म्हणतात, दशमीचा वेध झालेली एकादशी चालत नाही. त्यांची कसोटी अरुणोदयाची आहे: सूर्योदयाच्या चार घटका आधी, म्हणजे ९६ मिनिटं आधी, दशमी शिल्लक असेल तर तो दिवस सोडायचा. शनिवारी तर सूर्य वर आल्यावरही अडीच तास दशमीच आहे. म्हणून त्यांचा उपवास रविवारी.

आता बारस. शनिवारी उपवास केलात तर रविवारी सकाळी उठून लगेच पान वाढायचं नाही. द्वादशीचा पहिला चौथा हिस्सा हा हरिवासर, त्यात पारणं करत नाहीत. ही द्वादशी साधारण साडेएकवीस तासांची, तिचा चौथा हिस्सा पाच तास चोवीस मिनिटं. हरिवासर दुपारी १२:५५ ला संपेल, जेवण त्यानंतर. रविवारी उपवास केलात तर सोमवारी सूर्योदय झाला की जेवा.

वेळेचं हे बंधन किती मानलं गेलं ते भागवताच्या नवव्या स्कंधातल्या अंबरीषाच्या कथेत दिसतं. दुर्वास पाहुणे आलेले, नदीवर स्नानाला गेले ते परतेचनात आणि इकडे द्वादशी संपत आली. अतिथीला सोडून जेवावं तर अपराध, द्वादशी जाऊ द्यावी तर व्रत बिघडतं. राजानं नुसतं पाणी घेतलं. पाणी घेणारा जेवलाही आणि नाही जेवला, असा निर्णय त्याला ब्राह्मणांनी दिला होता. पारण्याची वेळ अगदी थोडी असेल तर आजही पाण्यानंच पारणं करतात.

हे सगळे निर्णय धर्मसिंधूत सापडतील. १७९० च्या सुमारास तो लिहिणारे काशीनाथशास्त्री उपाध्ये पंढरपुरातच राहत होते, हे मला नेहमी विशेष वाटतं.

---

माळकरी_माढा | २८ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

राम कृष्ण हरी माऊली.

आजीबाईंच्या गळ्यात माळ होती म्हणता, मग त्या भागवतच धरत असणार. आमच्याकडं दुसरा विचार नसतो. पंढरपुरात कार्तिकीची शासकीय महापूजा रविवारी २ तारखेच्या पहाटेच आहे. आम्ही शुक्रवारी निघतोय.

तुम्ही दिवस विचारला, वेळ विचारली, काय खायचं ते विचारलं. रात्रीचं कुणीच विचारलं नाही. आषाढी-कार्तिकीला यात्रेआधी देवाचा पलंग काढतात. तेव्हापासून देवाला निजणं नाही, चोवीस तास दर्शन चालू. उभं राहून देव शिणतो म्हणून पाठीशी लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. पायाला लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्यानं स्नान घालतात, रात्री काढा दाखवतात, मग पलंग परत आत जातो. तो आपल्यासाठी इतके दिवस उभा राहतो. आपण एक रात्र हरिपाठ, भजन करत जागायचं नाही का? एकादशी म्हणजे हरिदिनी. जागर झाला तर ती झाली. भगर खाल्ली का रताळं, ते मागनं.

आणि बारशीला एकटं जेवू नका. कुणीतरी पानाला पाहिजे. आमचा बाप दार उघडून वाटेवरचा माणूस बोलवायचा.

---

रत्नागिरीची_सून | २८ ऑक्टोबर, दुपारी १:१५

माळकरी दादा, जागराचं मनापासून पटलं. फक्त एक नोंदवते. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या स्मार्त एकादशी आहे, सासरे शनिवारीच धरणार आहेत. काही मंडळी "भागवत हीच खरी" असं बोलून जातात आणि घरातली म्हातारी माणसं उगाच खट्टू होतात. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण वाचणाऱ्याचा तसा समज होऊ नये म्हणून लिहिलं. दोन्हींच्या मागे नियम आहे. घरात जी चालत आली ती धरावी.

ताई, तुमच्या घरात आजीखेरीज कुणी धरत होतं का? वडिलांना विचारून पाहा.

---

माळकरी_माढा | २८ ऑक्टोबर, दुपारी १:५०

बरोबर आहे ताई. तुमच्या मामंजींना आमचा दंडवत. विठ्ठल दोन्ही दिवशी विटेवरच आहे.

---

दवाखान्यातून | २८ ऑक्टोबर, रात्री १०:३०

साखरेबद्दल लिहितो. मी फॅमिली डॉक्टर आहे, दर आषाढीला आणि महाशिवरात्रीला चक्कर येऊन आलेले रुग्ण पाहतो, म्हणून कळकळीनं सांगतोय.

आईंच्या गोळ्यांची नावं पाहा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर जेवण न करता ती घेणं धोक्याचं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, अर्धी करू नका. जे डॉक्टर त्यांना बघतात त्यांना शनिवारच्या आत भेटून "मला एकादशी धरायची आहे" असं सरळ सांगा. रागावतील म्हणून लपवणारे लोक फार असतात, त्यानंच नुकसान होतं.

घरात साखर मोजायचं यंत्र असेल तर दुपारी आणि संध्याकाळी बोट टोचून पाहा. सत्तरच्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, डोकं हलकं वाटलं, की त्याच क्षणी तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची. तिथी बघत बसायचं नाही.

दुसरा धोका उलटा आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एक बशी खिचडी, वर बटाट्याचा कीस, संध्याकाळी रताळ्याच्या गोड फोडी, असा उपवास झाला तर साखर रोजच्या जेवणापेक्षा जास्त चढते. आईंना दही, ताक, मूठभर दाणे, राजगिरा, पेरू, पपईची फोड असं थोडं थोडं द्या. आजींच्या ताटात जे होतं ते थोडक्यात असल्यानं बरंच सोसण्यासारखं होतं.

---

घटिका_पळे | २८ ऑक्टोबर, रात्री ११:१०

डॉक्टरांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधारच आहे. व्रत कशानं मोडत नाही अशा आठ गोष्टी महाभारताच्या उद्योगपर्वात मोजल्या आहेत: पाणी, मुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. आठवं औषध. आईंना हे आवर्जून वाचून दाखवा. गोळी घेतल्यानं त्यांच्या एकादशीला काहीही होत नाही.

---

कंदमूळ | २९ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

आजींच्या साबुदाण्याविषयी. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि हा माझ्या फार आवडीचा विषय आहे.

साबुदाणा हा दाणा नव्हे. कसावा नावाच्या झुडपाच्या मुळ्या किसून, पिळून, खाली बसलेल्या सत्त्वाच्या गोळ्या केल्या, त्या भाजून-वाळवल्या की साबुदाणा होतो. आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा हेही मूळचे अमेरिका खंडांतले. पोर्तुगीज जहाजं गोव्याला लागायला लागली, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे, ही पिकं हळूहळू आपल्या मातीत आली. साबुदाण्याची खिचडी डोळ्यांपुढे आणा: साबुदाणा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, बटाटा. त्यातलं जिरं आणि तूप सोडलं तर ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळी यातलं काहीही या देशात नव्हतं. एकादशी मात्र होती आणि ती कडक पाळली जात होती.

मग तेव्हा ताटात काय असेल? वरई म्हणजे भगर, शिंगाडा, सुरणासारखे कंद, फळं, दूध. एकादशीला वर्ज्य आहे ते अन्न, म्हणजे शेतात नांगरून पेरलेलं धान्य. वरई तृणधान्यच, पण ते ऋषींचं, आपोआप उगवणारं धान्य मानलं गेलं आणि तिला मुभा मिळाली. रताळं बाहेरून आलं तरी कंद म्हणून कंदांच्या रांगेत बसलं. साबुदाणा दुकानातून आला, गिरणीतून आला. जुन्या बायकांना तो कंद दिसतच नव्हता, दाणाच दिसत होता. माझी मावशीही खात नसे आणि "तो कशाचा करतात ते मी पाहिलेलं नाही" एवढंच सांगायची. तुमच्या आजींच्या मनात हेच असेल असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण कुठल्या झाडाचं ते माहीत नसलेलं एकादशीला खायचं नाही, हा नियम मला फार सुंदर वाटतो.

घराघरात तरी किती फरक! हळद कुठे चालते, कुठे नाही. कोथिंबीर एका वाड्यात घालतात, शेजारच्या वाड्यात नाही. आमच्याकडे दाण्याच्या आमटीला आमसूल, बायकोच्या माहेरी चिंच अजिबात नाही आणि आमसूलही नाही, नुसतं ताक. हे प्रत्येक घराचं आपलं बोलणं आहे, ते जपावं.

---

परभणी_वसमत | २९ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

भगरीवरून एक महत्त्वाचं. आमच्या मराठवाड्यात दर सणाला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. माझ्या चुलत घरी नवरात्रात पाच जण दवाखान्यात होते, रात्रभर आम्ही बाहेर बसून काढली. भगरीला ओल लागली की बुरशी धरते, डोळ्यांना दिसत नाही. सुटी भगर घेऊ नका, पाकीट घ्या, तारीख बघा. तयार पीठ तर नकोच, भगर निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा. शिजवलेली संध्याकाळपर्यंत ठेवू नका. आईला साखर आहे, तिला जास्त जपा.

---

जर्सीतली_जाई | ३० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मी न्यू जर्सीतून. पूर्वी मी आईला फोन करून ती सांगेल त्या तारखेला एकादशी करायची. चार वर्षांपूर्वी इथल्या देवळातल्या गुरुजींनी समजावलं की तिथी सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते, पण सूर्योदय ज्याचा त्याचा.

घटिका_पळे काकांच्या वेळा घेऊन मी काल हिशेब मांडला. भारतात शनिवारी सकाळी ९:११, म्हणजे आमच्याकडे शुक्रवारी ३१ ला रात्री ११:४१. संपते भारतात रविवारी सकाळी ७:३१ ला, आमच्याकडे शनिवारी रात्री १०:०१ ला. म्हणजे आमच्या शनिवारच्या अरुणोदयाला एकादशी, सूर्योदयालाही एकादशी, आणि रविवारच्या सूर्योदयाला द्वादशी. इथे यंदा स्मार्त-भागवत असा फरकच नाही! सगळ्यांची शनिवारी. हरिवासरही आमच्या रविवारी पहाटेच संपतो, सकाळी उठून वरण-भात.

आई सोलापुरात रविवारी धरणार, मी इथे शनिवारी. आधी मला वाटायचं की मी तिच्यापासून तुटले. आता तसं वाटत नाही. माझा शनिवार संपत असतो तेव्हा तिचा रविवार उजाडलेला असतो. मी उपवासाच्या रात्री हरिपाठ म्हणते, ती तिकडे तुळशीला पाणी घालत असते, आणि आम्ही फोन चालू ठेवतो.

---

अमळनेरकर | ३० ऑक्टोबर, रात्री ९:२०

पंढरपूर आणि उपवास हे दोन शब्द एकत्र आले की मला एकच उपवास आठवतो. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मागणी एकच, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या बांधवांना खुलं व्हावं. १० मे ला उपोषण सुटलं, आणि त्याच वर्षी देऊळ सर्वांना उघडलं. आमच्या गावात गुरुजींनी मुलांना शिकवलं, म्हणून घरात ही गोष्ट फार ऐकली.

विषयाला सोडून वाटलं तर माफ करा. माळकरी दादांनी लिहिलं ना, बारशीला एकटं जेवू नका, दार उघडा. ते वाचलं आणि हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही. त्या दहा दिवसांचं पारणं म्हणजे ते उघडलेलं दार होतं.

---

माळकरी_माढा | ३० ऑक्टोबर, रात्री १०:०५

दंडवत दादा. विषयाला सोडून नाही. आमच्या दिंडीत आज सगळ्या जातीची माणसं एका पंगतीत बसतात, ती अशीच बसली नाहीत.

---

मंगळवेढ्याची_नात | ३१ ऑक्टोबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे किती आभार मानू.

रत्नागिरीच्या ताईंनी वडिलांना विचारा म्हटलं, म्हणून विचारलं. त्यांना आठवेना. पण त्यांनी आजीची जुनी कॅलेंडरं फेकलेली नाहीत, माळ्यावर गठ्ठा आहे. काल रात्री आम्ही तिघं तो खाली काढून बसलो. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती एकादशीच्या चौकटीत पेन्सिलनं एक उभी रेघ ओढायची आणि बारस सोडली की तिच्यावर आडवी. म्हणजे प्रत्येक एकादशीची एक फुली. कॅलेंडरामागून कॅलेंडर, महिन्याला दोन फुल्या, अधिक महिना आला त्या वर्षी दोन जास्त.

जिथे जिथे स्मार्त आणि भागवत असे दोन दिवस छापले आहेत, तिथे प्रत्येक वेळी फुली दुसऱ्या दिवसावर आहे. एकही अपवाद नाही. छापलेलं तिला वाचता येत नव्हतं, कुणाला तरी विचारूनच कळत असणार. वडील म्हणाले, गल्लीतल्या भजनी मंडळात विचारायची.

म्हणजे आमची रविवारी. उत्तर घरातच होतं.

आई आज डॉक्टरांकडे जाऊन आली. तिची एक गोळी ग्लिमेपिराइडच निघाली. रविवारी ती कशी घ्यायची ते त्यांनी लिहून दिलंय आणि चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही, असं बजावलंय. आठवं औषध हे वाचून दाखवल्यावर तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. गेल्या आठ एकादश्यांना ती सकाळची गोळी चुकवत होती, हे तिनं तेव्हा कबूल केलं. मला माहीतच नव्हतं.

---

दवाखान्यातून | ३१ ऑक्टोबर, रात्री ११:००

फार बरं झालं विचारलंत. ही चुकवलेली गोळी घराघरात असते.

---

माळकरी_माढा | २ नोव्हेंबर, पहाटे ४:१०

वाळवंटातून लिहितोय. चंद्रभागेला स्नान झालं. दर्शनाची रांग फार लांब गेलीय, आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी नामदेव पायरीला डोकं टेकवलं, कळसाकडं बघून हात जोडले, त्यांचं दर्शन झालं. बाकीचे रांगेत. रात्रभर कीर्तन चाललं, डोळ्याला डोळा नाही आणि थकवाबी नाही.

मंगळवेढ्याच्या आजीबाईंच्या नावानं पायरीवर एक तुळस वाहिली. आईंना सांगा.

---

मंगळवेढ्याची_नात | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:३५

माळकरी दादा, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, देवघरात जाऊन बसली.

कालचा दिवस नीट गेला. सकाळी दूध आणि गोळी, मग थोडी भगर आणि ताक, दुपारी पेरू, संध्याकाळी दाणे आणि दही. यंत्रावर दुपारी ११८, संध्याकाळी १०४. रात्री आम्ही दोघींनी हरिपाठ म्हटला, मग वडीलही येऊन बसले. पूर्ण रात्र जमली नाही, दीडला आईला झोपवलं.

मी पहाटे पाचला उठले. आजीची काथवट आमच्याकडेच आहे, शनिवारी दशम्या करून आईनं ती पालथी घातली होती. ती उचलून सुलटी केली तेव्हा फरशीवर तोच आवाज झाला. आई आतून म्हणाली, "उजाडलं का?" आजोबाही आजीला हेच विचारायचे, असं वडील म्हणतात.

सूर्य वर आल्यावर वरण-भात, मेथीची भाजी, भाकरी असा नैवेद्य दाखवला. पानाला कोण बोलवावं हा प्रश्न होता. आमच्या इमारतीचे रात्रपाळीचे मामा गेटवर ड्यूटी संपवून निघाले होते. मी खाली जाऊन विचारलं. ते म्हणाले, "ताई, माझीबी एकादशी आहे, बारस सोडायला घरीच चाललो होतो." मराठवाड्यातले आहेत, तीन वर्षं आम्ही रोज त्यांना पाहतो, शर्टाच्या आत माळ आहे हे कधी कळलं नव्हतं. वडिलांच्या शेजारी बसून जेवले. तुळशीचं पान तोंडात घालून मग पहिला घास.

जेवण झाल्यावर आईनं पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरावर कालच्या रेघेवर आडवी रेघ ओढली.

---

घटिका_पळे | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

ताई, पुढची १५ तारखेला, शनिवारी, उत्पत्ती एकादशी. आळंदीच्या यात्रेची. या वेळी दोन दिवस नाहीत, स्मार्त-भागवत सगळ्यांची एकच. रविवारी १६ ला हरिवासर सकाळी नऊ-सव्वानऊपर्यंत आहे, त्यामुळे आईंना उजाडल्याबरोबर जेवता येणार नाही. उठल्यावर दूध आणि गोळी द्या, पान नऊनंतर वाढा. मामांनाही तेवढा वेळ थांबायला सांगा.